चौथा प्रश्न

डॉक्टर अंगदने चहाचा घोट घेतला आणि हातातला अर्ज सगळ्या स्टाफला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचायला घेतला.

"'मला ऑटिझम आहे. गलक्यात तोंडी सूचना लक्षात राहत नाहीत, त्या लेखी मिळाव्यात. बसायला शांत जागा मिळावी.'"

हशा पिकला. अर्ज देणारी डॉक्टर प्रांजली समोरच उभी होती. हा अर्ज लिहायला तिला मदत करणाऱ्या झुंबरबाई सिस्टरही हसल्या. साहेब हसले की हसायचं, ही त्या ग्रामीण रुग्णालयाची रीतच होती आणि अंगद तिथला प्रमुख होता.

"तुमच्यामुळं ओपीडीची लाईन गेटच्या बाहीर जाऊन राह्यली, मॅडम. पोट दुखतंय म्हणून आलेल्या बाईला पाळी कवा आल्ती, हे कशाला विचारता?"

"प्रत्येक बाईला विचारते. माझ्या यादीतला चौथा प्रश्न आहे."

पुन्हा हशा.

"मंग शांत जागाच देतो. उद्यापासून शवविच्छेदन. तिथं कोणी गलका करत न्हाई."

टोमणा तिला कळला. तिला कळत नाही, असं बाकीच्यांनाच वाटायचं. ओपीडीत तिचा जीव होता.

"लेखी द्या."

अंगदने डोळा मिचकावत तिथल्या तिथे आदेश लिहिला. डॉ. प्रांजली यांना यापुढे कोणीही तोंडी सूचना देऊ नये, असंही त्यात घातलं आणि झोकात सही केली.

नऊ दिवसांनी ओपीडीत दैवशाला आली. बावीस वर्षांची, पोट धरून वाकलेली. लाईन आता झपाझप सरकत होती. अंगदने पित्ताच्या गोळ्या देऊन तिला वाटेला लावलं. तीर्थपुरीला घरी परतताना जीपमध्ये ती नवऱ्याच्या खांद्यावर कलंडली, ती पुन्हा उठलीच नाही. दुपारी ती प्रांजलीच्या टेबलावर होती.

"गर्भ नळीत होता. नळी फुटली, पोट रक्तानं भरलं," प्रांजली आत आलेल्या अंगदला म्हणाली. "चौथा प्रश्न विचारला असता, तर कळलं असतं."

अंगदने दार लोटून घेतलं.

"हार्टचा झटका लिहा. जल्दी. माझी नोकरी जाईल, मॅडम."

प्रांजलीने हातमोजे काढले. भिंतीवर त्याचाच आदेश चिकटवलेला होता. तिने त्याकडे बोट दाखवलं.

"लेखी द्या."

तिच्या मदतीला असलेल्या झुंबरबाईंनी कोरा कागद आणि पेन आणून साहेबांपुढे ठेवलं. या वेळी त्या हसल्या नाहीत.

दाराबाहेरून दैवशालाच्या नवऱ्याचा आवाज आला.

"साहेब, पित्तानं मानूस मरतं का हो?"