सिरकामामांचं लॉन

पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा सिरकामामा वाकून लॉनवर मक्याची पेंड भुरभुरत होते. रबरी पाइपाचा दुसरा फटका बोटांवर आला आणि हातातलं घमेलं उडालं. मारणारे बंगल्याचे मालक होते, कंत्राटदार. नुकतेच हॉस्पिटलातून परतले होते. त्यांची चार वर्षांची नात काल या गवतावर लोळली होती आणि सकाळपासून तिच्या उलट्या थांबत नव्हत्या. डॉक्टरांनी विषबाधा सांगितली होती.

अकरा वर्षं मामांनी हे लॉन पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. तण रुजायच्या आधी मक्याची पेंड, फरशीच्या फटींत उकळतं पाणी, चिवट रोपांवर सिरका, म्हणजे व्हिनेगर. म्हणून तर हे नाव पडलं. तणनाशकाला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांचा धाकटा भाऊ फवारणी करतानाच कोसळला होता.

कंत्राटदार मारतच राहिले. रखवालदार मध्ये पडायला धजला नाही. तोंडातून रक्त आलं तरी मामा एकच सांगत होते, की विष त्यांनी आणलेलं नाही.

तेवढ्यात कंत्राटदारांची सून रिक्षातून उतरली. मुलगी वाचली होती. सून सरळ गॅरेजमध्ये गेली आणि तणनाशकाची बाटली आणून तिनं सासऱ्यांच्या पायाशी आपटली.

"मामांना का मारताय, बाबा? परवा फवारताना मी तुम्हाला पाहिलंय. मला वाटलं, खत असेल."

पाइप कंत्राटदारांच्या हातातून गळून पडला. पाहुणे यायचे होते, दुकानदार म्हणाला दोन दिवसांत तण साफ होईल, असं काहीसं ते पुटपुटले.

मामा उठले. कुदळ घेतली. सुजलेली बोटं दांड्यावर वळेनात, तेव्हा त्यांनी रुमालानं हात दांड्यालाच बांधला आणि घाव घातला. हिरवळ फाटली. दुसरा घाव, तिसरा. मुळं तटातटा तुटत होती. अकरा वर्षांचं गवत ते खाटकासारखं सोलून काढत होते.

"मामा, राहू द्या," कंत्राटदार म्हणाले.

"पोर घरी यायच्या आत हे निघायला हवं."

दुपारपर्यंत अर्धं लॉन उघडं पडलं. सून पाण्याचा पेला घेऊन आली. मामांचा एक हात दांड्याला बांधलेला, दुसरा त्या विषारी मातीनं माखलेला, म्हणून तिनं पेला त्यांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी मान मागे घेतली.

"ताई, मघाशी बाटली धरली होतीत. आधी हात धुवून या."

ती गेली, साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आली. मग मामा तिच्या हातून घोट घोट पाणी प्यायले.