भिंतीवर वाळत घातलेले कपडे

शनिवारी सकाळी इल्वा वडिलांकडे गेली तेव्हा सिक्स्टेन स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकटीच्या कागदांचा पसारा मांडून बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेन्सिल कानामागे. त्यांनी मान वर केली नाही.

"बूट काढ आधी. कालच फरशी पुसलीय."

"काढलेत, पप्पा."

"पाव आणलेस का वेलदोड्याचे? स्टेशनसमोरच्या बाईकडचे नको हं, ती साखर हात राखून घालते."

"तिच्याकडचेच आहेत."

"मग दोन खावे लागतील."

त्यांनी साखरेचा खडा दातांत धरला आणि त्यावरून कॉफीचा घोट घेतला. ब्याऐंशी वर्षांचे झाले तरी कपात साखर घालून ढवळणं त्यांना नाटकी वाटायचं. मग कागद तिच्याकडे सरकवला. त्यावर लेर्बेक शाळेच्या भोजनगृहातली भिंत होती. वीट न् वीट काढलेली, प्रत्येकीवर बारीक आकडा.

"तीनशे बारा," ते म्हणाले. "वरून सुरुवात करायला सांग. आणि विटांमधला सांधा करवतीनं कापायचा. छिन्नी लावली की कोपरे उडतात. तुमच्या लोकांना सांगून ठेव, नाहीतर ते हातोडा घेऊनच येतील."

शाळा जूनमध्ये पाडायची होती आणि त्याच जागी नवी उभी राहणार होती. ती भिंत सिक्स्टेन यांनी सत्त्याहत्तर साली केली, गावातल्या वीटभट्टीवर कामाला होते तेव्हा. कामाची पाळी संपल्यावर मागे थांबून ते ओल्या विटा कोरत आणि त्या तशाच भट्टीत भाजून घेत. भिंतभर एक दोरी होती, तिच्यावर वाऱ्यानं फुगलेले कपडे: चादरी, सदरे, मोजे, गुडघ्याला ठिगळ लावलेली लांब चड्डी, आणि अगदी टोकाला एक गुंडी तुटलेला लहान फ्रॉक. सगळे त्यांच्याच घरचे. चड्डी त्यांची, फ्रॉक इल्वाचा.

"नव्या शाळेवर जेवढा खर्च, त्यातला एक टक्का तुमच्या कलेला ना?" त्यांनी विचारलं. "मजा आहे तुमची. माझ्याकडून तर भट्टीमालकानं सरपणाचे पैसे मागितले होते."

"तो पैसा फक्त नव्या कामाला मिळतो, पप्पा."

"हो, पण भिंतही नवीच असणार की. कुठल्या बाजूला लावताय?"

"बघू. ठरायचंय अजून."

ठरलेलं होतं. भिंत शाळेबरोबरच पाडायची, त्या कागदावर इल्वानं गुरुवारी सही केली होती. नगरपालिकेची सार्वजनिक कला तीच सांभाळत असे.

निघताना त्यांनी आकड्यांचा कागद दोनदा घडी घालून तिच्या पिशवीत ठेवला. "नावबीव नको हं घालूस माझं," ते म्हणाले. "ऑफिसात तुलाच अवघड व्हायचं. फक्त मोजे उलटे लावू नका म्हणावं." उरलेला पाव त्यांनी रुमालात बांधून तिलाच परत दिला.

सोमवारी दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. सिक्स्टेन कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघाले होते. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पायरीवर बसलेले सापडले, पिशवी मांडीवर नीट धरलेली.

दफनाला चार आठवडे लागले, त्या देशात तेवढे लागतातच. तेवढ्या दिवसांत इल्वानं त्यांची भांडी वाटून टाकली, पुस्तकं खोक्यांत भरली, टेलिफोन कंपनीला पत्र लिहिलं. पिशवीतला तो कागद मात्र तिनं उघडला नाही. लोक भेटायला येत आणि म्हणत, तू किती धीराची आहेस. ती आभार मानी. लाजेनं माणूस किती टापटीप वागतो हे तिलाच पहिल्यांदा कळत होतं.

आठ वर्षांपूर्वी नगरपालिकेनं आपल्या मालकीच्या सगळ्या कलाकृतींची यादी करायला घेतली, आणि ते काम इल्वाकडे आलं. शाळा, दवाखाने, पोहण्याचे तलाव ती पायी हिंडली. प्रत्येक चित्राला, पुतळ्याला पत्र्याचा लहानसा क्रमांक लावायचा आणि एक पत्रक भरायचं. लेर्बेकच्या भोजनगृहात ती भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. तिथं वडिलांचं नाव लिहिलं तर नात्याचा प्रश्न येणार होता. नियम सरळ होता: जवळच्या माणसाचा विषय निघाला की आपण सांगायचं, खोलीबाहेर जायचं आणि निर्णय दुसऱ्यांनी करायचा. तिनं स्वतःची समजूत घातली की नाव कोरं ठेवलं तर आपण खोलीत राहू, वेळ आली तर भिंतीच्या बाजूनं बोलू. पत्रकावर 'कलाकार' या शब्दापुढे तिनं लिहिलं: अज्ञात.

वेळ आली. या वर्षी शाळेच्या पाडकामाच्या बैठकीत भिंतीचा फोटो पडद्यावर आला तेव्हा कोणीतरी हसून म्हणालं, "अरे, ही कोणाची चड्डी?" इल्वाही हसली. खोलीत ती होती, पण तोंडातून शब्द निघाला नाही. कलाकार माहीत असेल तर काम पाडण्याआधी त्याला पत्र पाठवावं लागतं, उत्तराला तीन महिने द्यावे लागतात. अज्ञात माणसाला कोण पत्र पाठवणार? पाच मिनिटांत विषय संपला.

तसं पाहिलं तर तिनं पहिल्यांदा तोंड फिरवलं ते नऊ वर्षांची असताना. भिंत नवी होती आणि जेवणाच्या रांगेतल्या मुलांना शोध लागला होता. "इल्वाच्या बापाची चड्डी! इल्वाच्या बापाची चड्डी!" तिनं ताट घट्ट धरलं आणि ओरडली, "माझ्या पप्पांनी नाही केलेलं ते! स्टॉकहोमहून कोणीतरी आलं होतं!" मग ती वळली. सिक्स्टेन खालच्या ओळीतला एक सांधा भरायला आले होते. गुडघ्यांवर बसलेले, हातात थापी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सिमेंटचा मसाला नीट दाबला, कडेचा पुसून काढला. त्या संध्याकाळी घरी त्यांनी तिला विचारलं, बटाटे अजून हवेत का. बाकी काही नाही. पुढं पंचेचाळीस वर्षं काही नाही.

मे महिन्यात जुन्या भोजनगृहातच सभा ठेवली. नव्या शाळेत काय लावणार हे पालकांना दाखवायचं होतं. सांस्कृतिक विभागाचा प्रमुख हेनिंग पडद्याजवळ उभा होता, इल्वा त्याच्या शेजारच्या खुर्चीत. प्रवेशदालनाच्या छतापासून काचेची शेकडो पानं टांगली जाणार होती. पडद्यावरची चित्रं सुंदर होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या बाकावरून एक म्हातारी काठी टेकत उठली. गुड्रुन. तीस वर्षं ती या शाळेत स्वयंपाकीण होती.

"पानं छान आहेत हो," ती म्हणाली. "पुसणार कोण ती?"

हशा पिकला. हेनिंगही हसला. "त्याचा विचार झालाय."

"बरं. आणि माझे कपडे?"

"कुठले कपडे?"

"अरे, तुझ्या पाठीमागचे! तीस वर्षं त्यांच्यासमोर उभी राहून बटाटे वाढलेत मी. परीक्षेच्या दिवशी पोरं त्या मोज्याला हात लावून जायची. बघ, कसा काळा पडलाय."

हेनिंगनं वळून पाहिलं, जणू भिंत आत्ताच तिथं आली होती. "गुड्रुन, आम्ही नोंद तपासली. कलाकार अज्ञात आहे. विचारायला कोणी नाही. आणि नव्या कामाच्या पैशातून जुनं हलवता येत नाही."

"अज्ञात म्हणजे काय? भिंत उगवली का जमिनीतून?" तिनं काठी आपटली. "माणूस होता एक. दर उन्हाळ्यात सांधे भरायला यायचा, न बोलावता. मी कॉफी द्यायची, तर साखरेचा खडा दातांत धरून प्यायचा. म्हटलं, अहो, हे सगळं कोणाचं? तर म्हणाला, घरचंच धुणं आहे. नाव काय बाई त्याचं... डोकं चालत नाही आता."

इल्वाला हे ठाऊक नव्हतं. दर उन्हाळ्यात! भट्टी बंद पडल्यावरही. आपण शिकायला दुसऱ्या शहरात गेलो, परत आलो, याच नगरपालिकेत खुर्चीत बसलो, तेव्हाही ते थापी घेऊन इथं येत होते.

"यादी इल्वानं केलीय," हेनिंग लोकांना म्हणाला. "इल्वा, तूच सांग ना यांना."

ती उठली. पिशवीतून घडीचा कागद काढला आणि उघडून टेबलावर ठेवला. घडीत पावाची साखर अडकलेली होती. नाव घेतलं की हा प्रकल्प आपल्या हातून जाणार, चौकशी होणार, कदाचित नोकरीही. पाडायची तारीख पुढं जाणार, आणि नियमाप्रमाणे जे पत्र जायला हवं ते आता वारस म्हणून तिच्याच पत्त्यावर येणार. ज्याला ते यायला हवं होतं त्यानं बिचाऱ्यानं विटांना आकडे घालून ठेवले होते.

"नोंद चुकीची आहे," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "नोंद मी केली आणि जाणूनबुजून चुकीची केली. पाडायच्या कागदावरची सहीही माझी आहे."

"इल्वा," हेनिंग हळूच म्हणाला, "खाली बस. आपण नंतर बोलू."

"नाही." ती गुड्रुनकडे पाहत होती. पण बोलली ती जरा मोठ्यानं, खालच्या ओळीजवळ गुडघ्यांवर बसलेल्या कोणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "त्यांचं नाव सिक्स्टेन. त्या टोकाचा फ्रॉक माझा आहे. हे माझ्या पप्पांनी केलंय."