वहिनींचं हॉटेलातलं इंग्रजी

नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या वहिनींना परदेशातल्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, तेव्हा घरात सगळ्यांत आधी बॅग भरायला घेतली ती त्यांच्या धाकट्या दिरानं.

"तुमच्या वतीनं बोलायला कुणीतरी नको का? इंग्रजी कानावर पडलं की तुमची दातखीळ बसते, वहिनी."

वहिनींच्या ते फार जिव्हारी लागलं. लग्न होऊन घरात आल्यापासून बँकेत, दवाखान्यात, अगदी कापडाच्या दुकानातसुद्धा हाच त्यांच्या वतीनं बोलत आला होता.

"मी एकटी जाणार, भावजी. शिकवायचं तर शिकवा, नाहीतर ती बॅग रिकामी करा."

मग शिलाई मशीनचं टेबल झालं रिसेप्शन आणि दीर झाला क्लार्क. क्लार्क कसला, नुसता खडूस! वहिनींनी "आय हॅव अ बुकिंग" म्हणायचं, की याचं ठरलेलं, "नो बुकिंग. नो रूम. गो." वहिनी कधी घाम पुसत, कधी चिडून मराठीत त्याचा उद्धार करत. जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "जागच्या हलू नका. तेच कंटाळतील." शेवटी एका संध्याकाळी वहिनींनी "प्लीज चेक अगेन"चा असा धोशा लावला, की क्लार्कनं हात टेकले आणि मुकाट्यानं कपाटाची किल्ली काढून दिली.

खऱ्या हॉटेलात मात्र गंमतच झाली. काउंटरवरची मुलगी गोड हसून "गुड आफ्टरनून, मॅडम" म्हणाली आणि वहिनींनी ठणकावलं, "प्लीज चेक अगेन!" बिचारीनं अजून काही तपासलंच नव्हतं. तिनं घाबरून किल्ली पुढे केली. एवढी तयारी फुकट गेली म्हणून वहिनी जरा हिरमुसल्याच.

खोलीत नळ सोडला, तर पाणी गारठलेलं. हे काही दिरानं शिकवलं नव्हतं. त्याला विचारावं म्हणून त्यांनी फोन उचलला, तसाच खाली ठेवला आणि तडक रिसेप्शन गाठलं.

"हॉट वॉटर नॉट कमिंग. अदर रूम, प्लीज."

"सॉरी मॅडम, टुमॉरो."

"नो टुमॉरो. बाथ टुडे. कॉल मॅनेजर."

मॅनेजर आला, त्यानं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि वरच्या मजल्यावरची खोली निघाली. आनंदानं वहिनींना रडूच यायचं बाकी होतं.

वळतात तोच मागे एक म्हातारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी. ती आपल्या भाषेत काकुळतीनं काहीतरी सांगत होती आणि मॅनेजरला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वहिनींना तरी कुठे कळत होतं! पण तिचा तो ओशाळलेला चेहरा त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. त्यांनी तिचा हात धरून तिला पुढे आणलं.

"हर रूम ऑल्सो. नो हॉट वॉटर. चेंज."

मॅनेजर गोंधळला. "शी इज विथ यू, मॅडम?"

"येस," वहिनी म्हणाल्या. "आय स्पीक फॉर हर."

आणि दुसरी किल्लीही निघाली.