टाकीला हात लावायचा नाही

ऑर्व्हलची गाडी घाटात बंद पडायची. आमच्या बेकर्सफील्ड गावाच्या सपाटीवर बदामाच्या बागांमधून कितीही पळवा, तक्रार नाही. तेहाचपीच्या डोंगराचा चढ लागला आणि इंजिनाने जोर धरला की मात्र ती आधी खोकायची, मग आचके द्यायची आणि भर रस्त्यात मान टाकायची. आम्ही दोघं म्हातारे कडेला उन्हात शिव्या देत बसायचो. थोड्या वेळाने किल्ली फिरवली की बाईसाहेब पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

एकोणपन्नास सालची पिकअप होती ती. ऑर्व्हलने भंगारातून आणली, छत वीतभर कापून खाली घेतलं, बॉनेट काढून टाकलं आणि आत आठ सिलिंडरचं असलं इंजिन बसवलं की सुरू केलं तर माझ्या स्वयंपाकघरातल्या बश्या वाजायच्या. मी वेंडेल, त्याचा शेजारी. माझा जन्म तेलविहिरींवर वेल्डिंग करण्यात गेला, त्यामुळे गाडीचं जोडकाम माझ्याकडे आणि बाकीची सगळी अक्कल त्याच्याकडे, असं त्याचं मत.

ऑर्व्हलची दृष्टी जात चालली होती. नजरेच्या मधोमध काळा डाग पडला होता आणि तो पसरत होता. ऑक्टोबरात वर डोंगरात आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेळा भरतो. तिथे गाडी स्वतःच्या चाकांवर यायला हवी आणि ज्याने बांधली त्याच माणसाने चालवत आणायला हवी. मग फाटकावरच डॅशबोर्डवर पितळी पट्टी ठोकून देतात. ट्रेलरवर लादून आणलेल्या गाडीकडे कुणी बघतही नाही. ऑर्व्हलला ती पट्टी हवी होती. एकदाच. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्याची नजर टिकणार नव्हती.

"तुझी गाडी आहे का नवरी?" क्लबातला बक विचारायचा. "दर वेळी उचलूनच न्यावी लागते!"

"तुझी चालते ती उतारावर," ऑर्व्हल म्हणायचा.

उन्हाळाभर आम्ही त्या इंजिनाच्या मागे लागलो. कॉइल बदलली. कार्ब्युरेटर उघडला, धुतला, पुन्हा बसवला, मग वैतागून दुसराच आणला. पेट्रोलचा पंप नवा टाकला. बक म्हणाला, गरमीने नळीतच पेट्रोलची वाफ होते, नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावा, ते उष्णता शोषून घेतात. आमच्याकडची जुनी माणसं या चिमट्यांवर देवासारखा विश्वास ठेवतात. आम्ही लोरेनच्या, म्हणजे ऑर्व्हलच्या बायकोच्या, दोरीवरचे सगळे चिमटे काढून नळीवर ओळीने लावले. गाडी त्याच वळणावर मेली आणि लोरेनचे कपडे अंगणभर उडाले.

"चिमटे परत आण," ती म्हणाली, "नाहीतर तुला वाळत घालते."

बंद पडल्यावर नळी सोडून बघितली तर पेट्रोल धो धो यायचं. फिल्टर स्वच्छ. मी पुन्हा पुन्हा म्हणायचो, "टाकी बघू या." या जुन्या पिकअपची टाकी आत, सीटच्या मागे असते. ऑर्व्हल लगेच फणकारायचा.

"टाकीला हात लावायचा नाही. ती मी स्वतः घासलीये, आतून लेप दिलाय. काचेसारखी आहे."

"लेप देऊन किती वर्षं झाली?"

"तू वेल्डिंग कर, वेंडेल."

गंज धरलेली टाकी आतून लेप लावून वाचवायची, हा आमच्या लोकांचा जुना नाद. नवी टाकी घेणं म्हणजे हरणं. आणि ऑर्व्हलला हरता येत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे.

ऑगस्टमध्ये डॉक्टरनेच लायसन्सच्या खात्याला कळवलं आणि ऑर्व्हलचं लायसन्स गेलं. तो दोन दिवस घराबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "काढ ती टाकी. आता काय, हवं ते कर."

इतके दिवस ज्याच्यासाठी भांडलो ते मिळालं आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

टाकी काढून उलटी केली. मी तारेचा आकडा आत घातला तर लेपाचा एक मोठा पापुद्रा बाहेर आला, भिजलेल्या कांद्याच्या सालीसारखा. आजकालच्या पेट्रोलने तो सुटला होता. चढावर इंजिन जोरात ओढायला लागलं की पापुद्रा नळीच्या तोंडाशी चिकटायचा. इंजिन मेलं की ओढ संपायची आणि तो खाली गळून पडायचा. म्हणून बघायला जावं तर सगळं ठीक! मी तो ऑर्व्हलच्या हातात दिला. त्याने बोटांनी चाचपला.

"हे माझं काम आहे," तो म्हणाला. "उन्हाळाभर मीच आपल्याला थांबवलं."

मी त्याला धीर द्यायला हवा होता. पण खरंच होतं ते.

नवी टाकी बसवली. ऑक्टोबरात मी चालवली आणि तो शेजारी बसला. ते वळण आलं तसा त्याने दरवाजा घट्ट धरला. गाडी गुरगुरत वर चढली. एकदाही खोकली नाही. मी ओरडलो, स्टीअरिंगवर थापा मारल्या. त्याने दरवाजा सोडला नव्हता.

फाटकाच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. "बस इकडे. सरळ रस्ता आहे, शंभरएक पावलं. मी सांगतो तसं ने. इथे कोण लायसन्स बघतंय?"

तो उतरला, हात लावत लावत गाडीला वळसा घालून आला आणि स्टीअरिंगमागे बसला. पहिला गिअर टाकला. गाडी हळूच सरकली. दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून माणसं बसली होती, बिअर पीत होती. कुणीतरी मोठ्याने हसलं आणि ऑर्व्हलने करकचून ब्रेक दाबला.

"कोण हसलं? कुठे आहेत ते?"

"डावीकडे, लांब आहेत. समोर मोकळं आहे."

"नक्की?"

"नक्की, लेका. जा."

तो गेला नाही. घाम हनुवटीपर्यंत आला होता. इंजिन एका लयीत चालत होतं, इतकं सुरेख मी ते कधी ऐकलं नव्हतं.

"बंद पडत नाहीये रे," तो हळू म्हणाला.

"आता नाही पडायची."

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. बक धावत आला. "पुन्हा मेली का, ऑर्व्हल?"

ऑर्व्हल समोर बघत होता, म्हणजे समोर तोंड करून बसला होता.

"मेली," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भंगार आहे नुसतं. ढकला बाजूला."

माणसं हसत उठली. बकने माझ्याकडे बघितलं. मी खाली उतरलो, खांदा लावला आणि त्यांच्याबरोबर ती धडधाकट गाडी कुंपणाकडे ढकलत नेली.