एकेक पट्टी खाली

हिलालनानाच्या डाव्या हातानं अठ्ठावन्न वर्षांत एकच काम केलं होतं, ते म्हणजे पेटीचा भाता मारणं. मान सगळा उजव्या हाताला. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. साक्री-शिरपूरपासूनची भजनी मंडळं आपल्या पेट्या तिथं आणायची. दुरुस्त झालेली पेटी नाना वाजवून दाखवायचा तेव्हा लोक बघायचे ती उजवी बोटं. डावा हात मागं मुकाट राबायचा. अठ्ठ्याऐंशी सालच्या फाल्गुनात हा हात शाळेत घालायची वेळ आली, आणि तीही कुंदाबाईंच्या पियानोपुढं.

सोप्या कामाला लोक डाव्या हाताचा खेळ म्हणतात. म्हणणाऱ्यांनी नानाचा तो पहिला आठवडा बघायला हवा होता.

कारण होतं त्याची बायको, वच्छलाबाई. बाकी महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया ती आमची अखाजी, आणि खान्देशात तिच्यापुढं दिवाळीसुद्धा जरा बाजूला सरकून बसते. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, कडुनिंबाला झोका बांधतात आणि चार दिवस गळा मोकळा करतात. गल्लीतलं झोक्याचं मोठं गाणं तीस वर्षं वच्छलाबाईच उचलायची. तिनं पहिली ओळ टाकायची आणि मग बाकीच्यांनी तिच्यामागं जायचं. तिचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर लागायचा. नाना त्याला ‘काळी पाच’ म्हणायचा, आणि गिऱ्हाईकाची पेटी असली तरी आधी त्याच पट्टीवर बोट ठेवून बघायचा.

संक्रांतीपासून तिचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, देवाचे अंगारे झाले. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरनं मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून गळा तपासला, तुकडा काढून पाहिला आणि सांगितलं की आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. गल्लीतल्या बायांनी दोष मिश्रीला दिला आणि स्वतःची मिश्रीची डबी पदराआड केली. वच्छलाबाईनं एवढंच विचारलं, की अखाजीनंतरची तारीख मिळेल का. डॉक्टर रागावले, एकेक आठवडा महत्त्वाचा असतो म्हणाले. ती हटून बसली. शेवटी अखाजीनंतरचा तिसरा दिवस ठरला.

नाना मुळात बोलणारा माणूस नव्हता. जे काय बोलायचं ते पेटीवर, आणि पेटीवर न मावणारं पोटात. येताना गाडीत तो एक अक्षरही बोलला नाही. पण त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. अखाजीला तिच्या तोंडून ते गाणं एकदा पुरतं ऐकायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग देवाला काय न्यायचं ते त्यानं न्यावं.

होळीला ओट्यावर बसून त्यानं पेटी धरली आणि तिनं गाणं उचललं, तेव्हा त्याला नुसती पेटीच ऐकू आली. पेटीची ती खोडच आहे. ती गाणाऱ्याच्या पावलावर पाऊल टाकून चालते. आवाज भरदार असला तर शोभा येते, थकलेल्या आवाजाला ती झाकून टाकते. नानानं पेटी थांबवली, तर वच्छलाबाईचा आवाज दुसऱ्याच ओळीला कोलमडला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

तेव्हा त्याला कुंदाबाई आठवल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिका, ख्रिस्ती, एकट्या. अखाजीचा झोका दरवर्षी त्यांच्याच अंगणातल्या निंबाला बांधला जायचा. त्यांच्या पियानोतल्या हातोड्यांवरचं लोकरीचं नमदं कसरीनं खाल्लं होतं, ते नानानं मागच्या वर्षी बदलून दिलं होतं. काम झाल्यावर बाई बसून नाताळचं एक गाणं म्हणाल्या होत्या. उजवा हात मांडीवर होता, आणि डावा तेवढा खाली तीन-तीन सूर एकत्र दाबत होता. बाईंचाही आवाज काही कोवळा नव्हता. पण तो बुडाला नाही, खालच्या सुरांवर नीट बसून राहिला, पाटावर माणूस बसतं तसा.

नाना त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मला फक्त डावा हात शिकवा. बाई म्हणाल्या, येणारा प्रत्येक जण आधी उजवा मागतो, तुमचं उलटं का? मग त्यानं सांगितलं. बाईंनी पियानोचं झाकण उघडलं.

त्या तीन सुरांच्या गठ्ठ्याला बाई ‘कॉर्ड’ म्हणत. नाना त्याला ‘जुडी’ म्हणायचा, मेथीची असते तशी. झोक्याच्या गाण्याला तीन जुड्या पुरत होत्या. करंगळीनं खालचा सूर एकदा, मग वरच्या दोन बोटांनी उरलेले दोन सूर दोनदा. झोका जातो-येतो तसं एक, दोन-तीन, एक, दोन-तीन. ऐकायला सोपं. पण नानाचा डावा हात दोन फेऱ्या झाल्या की पट्ट्या सोडून मागं जायचा आणि हवेत भाता मारायला लागायचा. बाई म्हणायच्या, नाना, तिथं काही नाही. नाना ओशाळून हात पुढं आणायचा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी हातानं भाता सोडला.

पण खरी अडचण पुढंच होती. तोवर वच्छलाबाईचा आवाज काळी पाचवरून खाली येऊन पांढरी पाचवर थांबला होता. त्याच पट्टीवर नाना शिकला. दोन जुड्या सबंध पांढऱ्या पट्ट्यांवर पडत होत्या, बोटांना बरं वाटायचं. पाडव्याच्या आसपास एका सकाळी त्यानं घरी पेटी काढली, सहज म्हणून तिला पहिली ओळ म्हणायला लावली आणि हळूच पट्टी शोधली. तिचा सूर अर्धी पायरी खाली गेला होता, काळी तीनवर. चांगल्या पेटीत पट्टी सरकवायची सोय असते. पियानोला ती नाही. सूर अर्धी पायरी उतरला की हाताचा अख्खा आकार बदलतो. पांढऱ्यावर बसलेली बोटं आता तीन काळ्यांवर चढवायची, आणि करंगळी तर जागेवर राहायचीच नाही.

नानानं काळी तीन शिकून घेतली. पंधरा दिवस लागले. हात बसला त्याच आठवड्यात ती पांढरी चारवर उतरली.

त्या दिवशी तो बाईंच्या स्टुलावर बसला आणि रडला. जुड्या पुन्हा शिकायच्या म्हणून नाही, पांढरी चार तर काळी तीनपेक्षा कितीतरी सोपी होती. ती किती खाली गेली हे त्याच्याच हाताला मोजावं लागत होतं, म्हणून. बाईंनी पाणी दिलं आणि पहिली जुडी दाखवली. वच्छलाबाईला यातलं काही सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. तिला वाटू दे की आवाज होता तिथंच आहे. तीस वर्षं सुरात राहिलेल्या बाईला आपण फसवू शकू असं त्याला कसं वाटलं, कुणास ठाऊक. नवरे असलं काहीही मानून चालतात.

अखाजीच्या आठवडाभर आधी चाळीसगावहून लेक आली, लता. गल्लीतल्या आणखी पोरी आल्या. संध्याकाळी कुंदाबाईंच्या व्हरांड्यात सराव सुरू झाला. नाना पियानोवर पांढरी चार धरायचा आणि वच्छलाबाई गायची. आवाज खरखरीत झाला होता, पण खालच्या सुरांवर तो टिकत होता. नानाच्या अंगावर काटा यायचा. पोरी मात्र दोन ओळी म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. एवढ्या खाली त्यांचा गळा पोचायचाच नाही. मग त्या नुसत्या ऐकत बसायच्या आणि डोळे पुसायच्या. नानाला ते आवडायचं. बघा, कशा ऐकतात, असं तो बाईंना सांगायचा. वच्छलाबाई पोरींच्या मिटलेल्या तोंडांकडे बघत राहायची.

अखाजीला आमरस झाला, घागर पुजून झाली, आणि ऊन कललं तसं अंगण बायकांनी भरलं. लता झोक्यावर बसली. बाईंनी पियानो व्हरांड्याच्या कडेला ओढून घेतला होता. नानानं धुतलेला सदरा घातला होता. त्यानं पांढरी चारवर दोन फेऱ्या वाजवल्या, एक, दोन-तीन, एक, दोन-तीन. हात अजिबात चुकला नाही. त्यानं वच्छलाबाईकडे बघितलं.

तिनं निंबाला टेकून श्वास घेतला आणि ओळ उचलली: ‘वर गया झोका माय, दिखनं तुनं दार.’ ती ओळ पांढरी चारवर नव्हती. ती काळी पाचवर होती, तिच्या भरातल्या जागेवर. आवाज फाटला, दोनदा तुटला, पण सूर जिथं लागायचा तिथंच लागला. ओळ संपली आणि तिनं लताकडे हात केला.

लतानं ती झेलली. मग बाकीच्या पोरींनी, मग साऱ्या बायकांनी. आठवडाभर मिटलेली तोंडं उघडली आणि अंगण दणाणून गेलं. नानाचा हात काळी पाच शोधत धडपडला, दोन जुड्या चुकीच्या लागल्या आणि त्यानं तो उचलून घेतला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पन्नास गळ्यांना आधार कशाला लागतो? सारी कडवी झाली. वच्छलाबाई झाडाला टेकून ऐकत होती. तिचं तोंड बंद होतं.

घरी आल्यावर नाना म्हणाला, “मी कोनसाठे शिकनू मंग?”

ती त्याच्याजवळ बसली. घसा दुखत होता, तरी थांबत थांबत बोलली. “तुम्ही पट्टी उतारत गयात, ते माले समजनं नही का? पन मना आवाज खाल गया, ते गानंबी मनामांगे खाल चाली ऱ्हायनं व्हतं. पोरीस्ले तठे म्हनता येस नही. मी ऱ्हासू का नही ऱ्हासू, गानं त्यास्ना गयामा ऱ्हावाले पाहिजे.”

तिचं बरोबर होतं, गाणं पोरींच्या गळ्यात राहायला हवं होतं. नानालाही ते तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. पोरींना गाणं मिळालं, गल्लीला मिळालं, आणि ज्यानं दीड महिना करंगळी सोलून काढली त्याच्या वाट्याला एक ओळ आली. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

“काहीतरी बोला ना,” ती म्हणाली.

तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सामान बांधताना ती काय काय विचारत होती, तो हं म्हणत होता. एसटीत तिनं खिडकीतून केळीचा एक बाग दाखवला, कुणाचा तरी लग्नातला किस्सा सांगायला घेतला, आणि हा पुढं बघत बसला म्हणून मध्येच सोडून दिला. चाळीसगावहून रात्रीची गाडी धरली. सकाळी मुंबई आली तोवर त्याचा राग केव्हाच विझला होता. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आता बोलायला सुरुवात कुठून करावी हेच त्याला उमगेना. इस्पितळात त्यानं कागदांवर सह्या केल्या, तिच्या बांगड्या रुमालात बांधून घेतल्या. उद्या बोलू, असं त्याच्या मनात आलं. नर्स तिला घेऊन गेल्या तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की उद्या तो एकटाच बोलणार आहे.

ती वाचली. गळ्याला भोक पडलं, त्यावर पांढरी चिंधी आली, आणि ती भाकरी थापायला लागली, भांडायलासुद्धा लागली, हातवारे करून, कारण लिहिणं तिला येत नव्हतं. गल्ली म्हणते की तेव्हापासून हिलालनाना फार बोलका झाला. दुकानातून येतो तो बोलतच येतो. कोणत्या मंडळाची पेटी आली, उंदरानं भाता कसा कुरतडला, बाजारात गवार काय भाव आहे, सगळं सांगतो. ती ऐकते, मान हलवते.

श्रावणात एका दुपारी त्यानं ते विचारलंच. इतके दिवस तोंडाशी येऊन मागं जात होतं.

“त्या तीन दिनमा तुले काय काय बोलनं व्हतं?”

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. जरा विचार केला, आणि सांगायला लागली. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. बरंच होतं, एक-दोन वाक्यांत संपणारं नव्हतं. मध्येच ती हसली, मध्येच तिनं बोटानं त्याच्याकडे आणि मग दाराकडे दाखवलं. तीस वर्षं नाना पेटीवरून याच ओठांकडे बघत आला होता. कडवं कुठं वळणार, श्वास कुठं घेणार, हे त्याला सूर ऐकू यायच्या आधी ओठांवरून कळायचं. पण ते गाण्याचं होतं. बोलताना हे ओठ कसे हलतात हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो डोळे ताणून बघत राहिला. त्याला एक शब्द कळला नाही.

तिचं सांगून झालं. नानानं सगळं कळल्यासारखी मान डोलावली.

ती थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, सूप पुन्हा हातात घेतलं आणि तांदूळ पाखडायला लागली.