गेटच्या आतला ड्रायव्हर

मल्लेशम एकतीस वर्षं सरकारी बसचा ड्रायव्हर होता, आणि या एकतीस वर्षांत त्याने एकही बस डेपोच्या गेटबाहेर नेली नाही. त्याचं कामच तसं होतं. आलेल्या गाड्या धुवायला न्यायच्या, डिझेलला लावायच्या आणि सकाळी ज्या क्रमाने सुटणार त्या क्रमाने ओळीत उभ्या करायच्या. चाळीस गाड्यांच्या जागेत पठ्ठ्या साठ बसवायचा. पण तेलंगणातल्या हनमकोंड्याच्या हौसिंग बोर्ड कॉलनीला हे कोण समजावणार? तिथे त्याचं नाव 'गेटच्या आतला ड्रायव्हर' असंच पडलं होतं.

त्याची बायको भूलक्ष्मी तर चारचौघींत म्हणायची, "चौतीस वर्षं झाली लग्नाला. नवरा ड्रायव्हर, पण यांच्या गाडीत मी एकदा तरी बसले असेन तर शपथ!"

म्हणून मुलाने, श्रीकांतने, कार घेतली तेव्हा मल्लेशमने तिला शब्द दिला होता, की तलावापर्यंत तुला मीच फिरवून आणतो. बिचारी नवी साडी नेसून दारात उभी राहिली, आणि याने गाडी मागे घेताना कॉलनीच्या गेटच्या खांबाला घासली. आता खरं सांगायचं तर श्रीकांत शेजारी बसून "थांबा बापू! डावीकडे! अहो, डावीकडे!" करत होता, गाडी स्वतःच टीं टीं ओरडत होती, आणि शेजारचे सांबय्या सर गॅलरीतून हातवारे करत होते. इतक्या जणांनी मिळून चालवल्यावर गाडी घासणार नाही तर काय होणार? पण खापर एकट्याच्या डोक्यावर फुटलं. "तुमचं वय झालं बापू," म्हणून श्रीकांतने किल्ली खिशात टाकली. त्या दिवसापासून मल्लेशम गाडीकडे पाठ करून पायरीवर बसायला लागला. मनातून फार लागलं होतं त्याला. बायकोला दिलेला शब्द तसाच राहिला होता.

तेवढ्यात बतुकम्मा आली, बायकांचा नऊ दिवसांचा फुलांचा सण.

कॉलनी नवी होती तेव्हा बायका मधल्या मैदानात खेळायच्या. तरवड, कुर्डू, झेंडू यांची उतरंड ताटात रचायची, ती मातीवर ठेवायची आणि टाळ्या वाजवत भोवती फेर धरायचा. तेव्हा अख्ख्या कॉलनीत एक स्कूटर होती. आता छत्तीस गाड्या, आणि सगळ्या त्या मैदानात. गेली दोन वर्षं बायका हॉलच्या गुळगुळीत फरशीवर, डीजेच्या दणदणाटात घसरत खेळल्या. यंदा भूलक्ष्मी सरळ कॉलनीच्या सभेत उभी राहिली. "आम्हाला मैदान हवं. नाही दिलंत तर गाड्यांच्या टपावर चढून फेर धरू!"

सांबय्या सर कॉलनीचे सेक्रेटरी. त्यांची गाडी नवीकोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. त्यांनी तिच्या टपाकडे एकदा बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी नोटीस लावली. शेवटच्या दिवशी चार वाजता सर्वांनी आपापल्या गाड्या भिंतीलगतच्या पट्टीत लावाव्यात.

सर्वांनी म्हटल्यावर सर्वांनीच एकदम लावल्या. बारा गाड्या वाकड्यातिकड्या शिरल्या आणि पट्टी भरली. बाकीच्या मधोमध अडकल्या. पुढची मागे जाईना, मागची हटेना, आणि हॉर्न तर विचारूच नका. पाच वाजले. बायका रेशमी साड्या नेसून, ताटं घेऊन दारोदारी उभ्या. सांबय्या सर रुमालाने टक्कल पुसत म्हणाले, "यंदाही हॉलच बरा, नाही का?"

मल्लेशम पायरीवर बसून, मान वळवून हे सगळं बघत होता. कुठली आधी काढायची, कुठली कुठे बसवायची, सगळं त्याला तिथूनच दिसत होतं. पण उठेल तर शपथ.

भूलक्ष्मी समोर येऊन उभी राहिली. "उठा."

"मला कुणी विचारलंय?"

"मी विचारतेय."

"खांब विसरलीस वाटतं."

"तो खांब तुमच्या लेकाने घासला, तोंडाने. आता उठता, की मी बसू स्टेअरिंगवर?"

मल्लेशमला हसूच आलं. घरात जाऊन त्याने लुंगी सोडली, पँट चढवली आणि मैदानात येऊन म्हणाला, "किल्ल्या द्या."

भूलक्ष्मीने एक रिकामं ताट फिरवलं. किल्ल्या खणखणत पडायला लागल्या. सांबय्या सरांचा हात मात्र ताटावरच थांबला. "अण्णा, नवी आहे हो माझी."

"उद्या किती वाजता निघणार, सर?"

"आठला. का?"

"मग तुमची सगळ्यात पुढे. आणि ऐका सगळ्यांनी, कुणी एक शब्द बोलायचा नाही. आम्हाला डेपोत फक्त पत्र्यावरची थाप कळते. दोन थापा, चल. एक थाप, थांब."

"थाप कोण मारणार?"

भूलक्ष्मीने पदर खोचला. लग्नानंतर पाच वर्षं ती डेपोमागच्या क्वार्टरमध्ये राहिली होती. भिंतीपलीकडच्या त्या थापा ऐकतच तिने स्वयंपाक केला होता.

मग काय विचारता! थप थप, गाडी मागे. थप, गाडी जागेवर. याची निघायची वेळ साडेआठ, त्याची साडेनऊ, तिसरा दसऱ्याला रेल्वेने सासुरवाडीला जाऊन सोमवारी येणार, त्याची एकदम कोपऱ्यात. आरसे मिटलेले, दोन गाड्यांमध्ये वीतभर अंतर. बघणाऱ्यांनी आधी हात तोंडावर ठेवले, मग हसायला लागले, मग दर गाडीला टाळ्या. सरांची गाडी त्या खांबाला चार बोटं ठेवून वळली, तेव्हा सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. उघडले तर गाडी जागेवर, प्लास्टिकसकट.

साडेपाचला श्रीकांत ऑफिसातून आला. गेटबाहेर गाडी थांबवून तो उतरला आणि बघत राहिला. एकदा "बापू, जरा..." म्हणून त्याने तोंड उघडलं, तर भूलक्ष्मीने तिथूनच ओठांवर बोट ठेवलं.

सहाला मैदान मोकळं झालं. मातीवर पाणी शिंपडलं, ताटं मधोमध मांडली आणि साठ बायकांचा फेर सुरू झाला. सुना, सासवा, हॉलच बरा म्हणणाऱ्या सरांची बायकोसुद्धा. मल्लेशम पायरीवर बसला, पण आज मैदानाकडे तोंड करून.

फेर संपला, मलिद्याचा प्रसाद वाटून झाला. आता फुलं तलावात सोडायची. बायका चालत निघाल्या. भूलक्ष्मीचं ताट सगळ्यात मोठं होतं आणि तिचे गुडघे दुखत होते. श्रीकांतने बाहेरची गाडी आत आणली आणि तो बापाजवळ आला. किल्ली पुढे करत म्हणाला, "बापू, अम्माला तुम्ही घेऊन जा. माझंच चुकलं तेव्हा."

"तू शेजारी बसणार असशील तर नको."

"मी मागून चालत येतो, झालं?"

भूलक्ष्मी पुढच्या सीटवर बसली. ताट मांडीवर, फुलं तिच्या नाकापर्यंत आलेली. मल्लेशमने गाडी सुरू केली, खांबाशी आणली आणि गेटवर येताच त्याचा पाय आपोआप ब्रेकवर पडला. एकतीस वर्षांची सवय. गेट आलं की थांबायचं, पुढे दुसऱ्याने न्यायचं. तो तसाच थांबला, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

भूलक्ष्मीने ताट एका हाताने सावरलं, दुसरा हात खिडकीबाहेर काढला आणि दारावर दोन थापा मारल्या.

थप थप.

गाडी गेटबाहेर पडली.