माझ्या कार्डावरचे आठ दिवस

साहेबांनी भिंगरीचा रजेचा अर्ज परत केला, तेव्हा तिला आठवा महिना लागला होता.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात आम्ही बारा बायका. चादरी धुतो, वाळवतो, वाफेच्या प्रेसवर इस्त्री करतो. भिंगरी आमच्यात सगळ्यात लहान आणि कामाला झपाट्याची, म्हणून हे नाव. ती बदलीवर, म्हणजे बोलावलं तर काम, नाहीतर घरी. साहेबांचं म्हणणं, बाळंतपणाची पगारी रजा हवी तर वर्षात ऐंशी दिवस भरलेले हवेत, हिचे त्र्याहत्तरच आहेत. सात दिवसांसाठी पोरीला वाऱ्यावर सोडलं. वर म्हणाले, नियम मी केलेला नाही. जसं काही तो नियमच खुर्चीत बसून अर्ज परत करतो.

माझं डोकं भडकलं. जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मुकादमालाही सोडलं नाही. बायका माना डोलावत होत्या. एकच गोष्ट मी बोलले नाही, आणि भिंगरीही बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. माझ्या रजा संपलेल्या. आमच्याकडे अशा वेळची एक रीत आहे. आपलं कार्ड बदलीवालीला द्यायचं, तिने ते दारातल्या यंत्रात घालून दिवस भरायचा, आणि पगार झाला की त्या दिवसांचे पैसे गुपचूप तिच्या हातावर ठेवायचे. मुकादमाला सगळं माहीत असतं, पण चादरी वेळेवर गेल्या की त्याला काही दिसत नाही. भिंगरीने माझ्यासाठी असे आठ दिवस भरले. घाम तिचा, नाव माझं.

म्हणजे तिचे एक्क्याऐंशी होत होते. अर्ज परत आला त्याच दिवशी मला हे कळलं. पण खोटी हजेरी म्हणजे नोकरी गेली, हेही कळत होतं. मी शेपूट घातलं आणि साहेबांना शिव्या देत राहिले. शिव्यांना पैसे पडत नाहीत.

तीन आठवडे गेले. भिंगरी कामावर येतच होती, न येऊन करते काय? प्रेसपाशी स्टूल ठेवू देत नाहीत. पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा ती अनवाणी उभी राहू लागली. एका सकाळी ती भिंतीला धरून खाली बसली आणि मुकादम म्हणाला, "नाटकं घरी करायची."

मी हातातली चादर टाकली आणि तशीच वर साहेबांकडे गेले. जाताना प्रथमोपचाराची वही उचलली. त्या आठ दिवसांत एकदा तिचा हात भाजला होता. वहीत तिचं नाव होतं, तारीख होती आणि खाली मुकादमाची सही. माझ्या कार्डाप्रमाणे त्या दिवशी प्रेसवर मी होते.

कार्डाचं सगळं सांगून मी वही पुढे ठेवली. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. मग गोड आवाजात म्हणाले, "बाई, हे लिहून दिलंत तर उद्यापासून तुम्हाला येता येणार नाही."

"तिची रजा मंजूर होते की नाही, तेवढं सांगा."

होते म्हणाले. मुकादमाची सही समोर होती, रजा नाकारली असती तर त्यांनाच वर उत्तर द्यावं लागलं असतं. मी आठही तारखा घालून लिहून दिलं आणि मंजुरीचा कागद हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही.

खाली उतरताना मी मनातून फुशारले होते, खोटं कशाला बोलू. वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. तिने कागद वाचला, घडी करून पिशवीत ठेवला.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, मावशी," ती म्हणाली. "मी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही आपणहून बोलाल, असं रोज वाटायचं."

साहेबांना आणि मुकादमाला घातलेली एकही शिवी मी मागे घेणार नाही. पण त्या तीन आठवड्यांत मला कोणी एक घातली नव्हती, आणि ती घालायचा हक्क फक्त भिंगरीचा होता. तिने तीही घातली नाही. पिशवी उचलली आणि भिंतीच्या आधाराने घरी गेली.